दोरीच्या आतली खोली

चामराजपेठ, बंगळूर
१२ फेब्रुवारी १९६४

त्रिविक्रमा,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, उरला तर. आधी भांडण.

काल सकाळी विद्याधर दामले दोन माणसं आणि मोजपट्टी घेऊन आले आणि आईच्या खोलीची मापं घेऊ लागले. दामले कोण हे तुला सांगायला नको, त्यांचा तुझ्याशी माझ्यापेक्षा जास्त पत्रव्यवहार आहे. मला ते पहिल्यांदा दिसले अप्पांच्या शोकसभेत. पुण्याहून आलेले, सरकारी कारखान्यात इंजिनिअर, कवितेचं भारी वेड, आणि आता 'कवी जयतीर्थ स्मारक समिती'चे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. पण ते आले तेव्हा आई खोलीत वाती वळत बसली होती. "बाई, जरा सरकता का, प्लीज," म्हणाले. आई सरकली. ते मोजत गेले, ती सरकत गेली, आणि शेवटी उंबऱ्याबाहेर उभी राहून मला विचारू लागली, "विमला, खोलीला रंग देणार आहेत काय की?"

मलाही तेव्हा काही ठाऊक नव्हतं. दामल्यांनी खिशातून तुझं पत्र काढलं. आठ पानं. बहिणीला अर्धं पान लिहिताना तुझी शाई संपते, आणि दामल्यांना आठ पानं. त्यातली सहा तुमच्या मिन्स्कच्या त्या थोर कवीच्या घराबद्दल, जिथे तुझी हालिना लोकांना खोल्या दाखवायची नोकरी करते. त्याची टोपी खुंटीवर, चष्मा टेबलावर उघडा, कॅलेंडर तो गेला त्या तारखेला थांबवलेलं, दाराला जाड दोरी, आणि लोक म्हणे दोरीपाशी उभे राहून कुजबुजतात. वाचून मलाही बरं वाटलं, खोटं का सांगू. आपल्याकडे कवी गेला की त्याची रद्दी विकतात. त्यांनी घर राखलं, चांगलं केलं.

पण सातव्या पानावर तू लिहिलंस की आपलं घरही असंच व्हावं, घर तुझ्या नावावर आहे आणि तुझी पूर्ण संमती आहे, 'आई व अक्का येलहंकाला बिंदुमाधवकडे राहू शकतात'. खाली सही.

राहू शकतात. त्रिविक्रमा, मांजराचं पिल्लू कुणाला देऊन टाकतानासुद्धा लोक याहून जास्त चौकशी करतात. बिंदुमाधव आपला चुलतभाऊ, मनाने भला, पण त्याच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं आहेत. आई अडुसष्ट वर्षांची. या खोलीत ती सत्तावीस वर्षं निजते आहे. अंधारात पाण्याचा तांब्या कुठे आहे ते तिच्या हाताला कळतं. तू दामल्यांना दोनच ओळी लिही: खोली आईची आहे, ती असेपर्यंत आईचीच राहील. पुढची ओसरी घ्या, कपाट घ्या, पुस्तकं घ्या, फाटकावर पाटी लावा. खोली नको.

आईला मी रंगाचंच सांगितलं आहे.

अक्का

७ एप्रिल १९६४

त्रिविक्रमा,

मी दोन ओळी मागितल्या, तू यादी पाठवलीस. तीही मला नाही, दामल्यांना. 'अप्पांच्या वस्तू जशा होत्या तशा, जागच्या जागी.' खाट, गादी, छत्री, काठी, वहाणा, चष्मा, लिहायचं टेबल.

आता शांतपणे वाच. अप्पांची खाट बाराव्या दिवशी आचार्यांना दान दिली. गादी, उशी, कांबळं, छत्री, वहाणा, काठी, तांब्या, सगळं दिलं. आपल्यात हे देतात, तुझ्या मुंजीच्या आधीपासून देत आले आहेत. तू तिथे तीन वर्षांत एवढंही विसरलास? मुलगा हजर नव्हता म्हणून बिंदुमाधव दर्भ घेऊन बसला आणि मी एकेक वस्तू पुढे केली. जशा होत्या तशा जागच्या जागी ठेवायला तुमच्या कवीच्या घरी आचार्य येत नसतील. इथे येतात, आणि हातगाडी घेऊन येतात.

चष्म्याचं म्हणशील तर तो अप्पांनी दोन वर्षं आधीच काढून ठेवला होता. काचबिंदूनंतर त्याचा काही उपयोग नव्हता. हे मी तुला लिहिलं नव्हतं का? राहिलं असेल.

हे सारं दामल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग खाट आपण परत मिळवू. ओरिजिनल हवी." मला दुभाषी म्हणून बरोबर नेलं. गवीपूरला आचार्य त्याच खाटेवर बसून पानाला चुना लावत होते. दामल्यांनी बदल्यात नवी लोखंडी स्प्रिंगची खाट देऊ केली. आचार्य "आगल्ला" म्हणाले, दान परत होत नाही. पण आतून त्यांच्या बायकोने विचारलं की स्प्रिंगा किती असतात. त्यावर आचार्य म्हणाले, "स्वल्प विचार करतो." दामले खुशीत माझ्याबरोबर घरी परतले.

घरी येऊन मी हसत हसत आईला सांगितलं, आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. आई उठून उभी राहिली.

"ती खाट त्यांना तिकडे पोचली. आता तुम्ही ओढून इकडे आणलात तर ते निजायचे कशावर? जमिनीवर? पाठ किती दुखायची त्यांची, माहीत नाही तुम्हाला?"

दामले म्हणाले, "बाई, ही श्रद्धा झाली. पण इतिहासाच्या दृष्टीने..."

"तुमचा इतिहास तुमच्या घरी ठेवा की हो. खाट ह्या दारातनं आत आली तर मी ह्या दारातनं बाहेर जाते. सरी, कळलं?"

दामल्यांनी वही काढून लिहिलं, 'बेड, नॉट अव्हेलेबल.'

टेबलाचा प्रकार त्याहून वरचा. अप्पांनी जन्मात टेबल वापरलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उजेड चांगला म्हणून पाटावर बसायचे, कचेरीतले पाठकोरे कागद मांडीवर घ्यायचे, आणि मध्येच आईला विचारायचे, "ही ओळ कशी वाटते?" आई म्हणायची, "मीठ कमी आहे," कारण तिचं लक्ष आमटीत असायचं. हे मी दामल्यांना सांगितलं. म्हणाले, "अक्का, ते छान आहे, पण व्हिजिटर्सना टेबल लागतं." समोरच्या वकिलांकडून त्यांनी एक शिसवी टेबल मागून आणलं आहे. ते आईच्या अंथरुणाच्या जागेवर आहे. आई आता घरातल्या बोळात निजते.

तू पत्राच्या शेवटी विचारलंस, अप्पांनी तुझी पत्रं वाचून काय म्हटलं. आता हे कुठे काढतोस? त्यांची तब्येत तेव्हा बरी नसायची, रागावलेही होते, हे मी तुला तेव्हाच कळवलं होतं. ते राहू दे. खोलीचं लिही.

अक्का

१९ जुलै १९६४

त्रिविक्रमा,

दोरी आली. दामल्यांनी कारखान्यातून दोन पितळी खांब करवून घेतले आणि मध्ये लाल दोरी बांधली. दारापाशी पाटी: 'आत प्रवेश नाही'. दसऱ्याला उद्घाटन. त्याच्या आत आम्ही येलहंकाला जावं अशी समितीची नम्र विनंती आहे, टाइप करून आली आहे.

आईला मी मे महिन्यात आठ दिवसांसाठी म्हणून बिंदुमाधवकडे सोडून आले होते. बघू, रमली तर रमली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती फाटकात उभी. एकटी, बसने, काखेत गाठोडं. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "तिकडे वरून विमानं जातात. जीव घाबरतो." नंतर पाणी पिऊन म्हणाली, "विमानांचं राहू दे. मी माझ्या घरी पाहुणी म्हणून मरायला तयार आहे, दुसऱ्याच्या घरी नाही." हे ती चिडून म्हणाली असती तर मला चाललं असतं. ती भाजी निवडत म्हणाली.

आणि आता ती काय करते ऐक. रोज जेवण झालं की दोरीचा आकडा काढते, टेबल पोटाने ढकलून भिंतीला लावते, चटई टाकते आणि झोपते. आकडा पुन्हा लावून घेते, आतून. परवा दामले समितीच्या सभासदांना आणि पुण्याच्या चार पाहुण्यांना खोली दाखवायला घेऊन आले. दोरीच्या आत कवीची पत्नी घोरत होती. पाहुण्यांनी खरोखर पायातलं काढलं, दोरीपाशी उभे राहिले आणि कुजबुजू लागले. तुला हवं होतं ते अगदी तस्संच झालं. दामल्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेवढ्यात आई जागी झाली, पदर सावरून बसली, आणि टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे ह्यांचं नव्हे हो. वकिलांचं आहे. संभाळून, एक पाय लटपटतो आहे."

पाहुण्यांतल्या एक बाई तिच्याशेजारी चटईवर बसल्या आणि अप्पांबद्दल विचारू लागल्या. तासभर हलल्या नाहीत. टेबलाकडे कोणी पाहिलं नाही. जाताना दामले मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, प्लीज समजावा त्यांना. ऑथेंटिसिटीचा प्रश्न आहे." मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही, तुझ्या डॉक्टरेटला शोभणार नाही.

तुझं जूनचं पत्र मिळालं. या खेपेला मला चार पानं, आभारी आहे. तू लिहितोस की अप्पांना दिसत नव्हतं हे तुला आत्ता कळलं, मग तुझी पत्रं त्यांना कोणी वाचून दाखवली? प्रश्न विचारायला तुला तिकडे बसून बरं सुचतं. इथे घरात समिती घुसली आहे आणि मला दुपारी बेचाळीस मुलींची गणितं तपासायची असतात.

आणि खोलीबद्दल तू जे लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. 'अप्पा माझ्याशी एक शब्द न बोलता गेले. हालिनाशी लग्न केलं म्हणून त्यांनी माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. ते घर नीट उभं राहिलं, त्यांची खोली त्यांची राहिली, तर कधीतरी मी त्या दोरीपाशी येऊन उभा राहीन आणि त्यांनी मला आत घेतलं असं समजेन. अक्का, माझ्याकडून एवढं काढून घेऊ नकोस.'

यावर मला आज लिहिता येत नाही. मुलींच्या वह्या राहिल्या आहेत.

अक्का

३ सप्टेंबर १९६४

त्रिविक्रमा,

उद्घाटनाच्या पत्रिका छापून आल्या. आईची पेटी समितीच्या माणसांनी बोळातून फाटकापाशी नेऊन ठेवली आहे. ती पेटीवर बसून असते. कोणी विचारलं तर सांगते, गाडी यायची आहे. तू दोन ओळी लिहिणार नाहीस हे मला कळलं आहे. का लिहिणार नाहीस तेही कळलं आहे. म्हणून आता मीच लिहिते. मध्ये थांबले तर हे पत्र टाकायची नाही, तेव्हा एका दमात.

तुझी पत्रं अप्पांना कोणी वाचून दाखवली नाहीत.

एकोणीस पत्रं आली. पोस्टमन सकाळी शाळेच्या वाटेवर आपलं टपाल माझ्या हातात द्यायचा. अप्पांचे डोळे गेले होते. आई लहानपणी कानडी शाळेत शिकलेली, तिला आपली देवनागरी अक्षरं येत नाहीत. घरात टपाल वाचणारी मी एकटी होते. अप्पा रोज विचारायचे, "मिन्स्कचं काही?" मी म्हणायचे, नाही.

पहिलं पत्र लग्नाचं होतं, फोटो घातलेला. डॉक्टरांनी अप्पांना धक्का देऊ नका म्हटलं होतं. हे कारण मी पुढे दोन वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. डॉक्टरांचं म्हणणं आठ दिवसांपुरतं होतं. खरं हे की तू जाताना स्टेशनवर मला म्हणाला होतास, "अक्का, दोन वर्षं. मग मी आलो की तू मोकळी." धारवाडच्या स्थळाला मी दोन वर्षं थांबा म्हणून सांगितलं होतं, आणि ते थांबले होते. तू लिहिलंस की तू तिकडेच राहणार. पत्रात माझं नाव शेवटच्या ओळीत होतं, 'अक्का आहेच'. त्या दिवशी मी ते पत्र दप्तरात ठेवलं आणि घरी येऊन म्हटलं, काही नाही. मला फार राग आला होता, त्रिविक्रमा. तुला कुणाचीही वाट पाहावी लागत नव्हती, म्हणून मी तुला वाट पाहायला लावली. एक लपवल्यावर दुसरं वाचता येईना. तुला मी लिहीत राहिले की अप्पा रागावलेत.

अप्पा रागावले नव्हते. तू लग्न केलंस हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दोनदा मला म्हणाले, "तो कामात असेल. आपणच लिहू या का?" मी म्हटलं, त्याचं येऊ दे आधी. शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारायचं सोडलं.

तर तुला माफ करायचं त्यांच्यापाशी काही नव्हतंच. दोरीपाशी येऊन उभं राहायचं तर मी राहायला हवं. तू ज्याच्यासाठी हे घर रिकामं करतो आहेस ते कधी घडलंच नाही. माझ्या करणीची किंमत आईने पेटीवर बसून भरावी हे मला बघवत नाही.

पत्रं माझ्याकडे आहेत. मागशील तर पाठवीन. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव.

विमला

२२ नोव्हेंबर १९६४

त्रिविक्रमा,

तू मला लिहिलं नाहीस. लिहिशील असं मी धरलंही नव्हतं. तरी हे कळवायला हवं.

तुझी तार दामल्यांना दसऱ्याच्या चार दिवस आधी मिळाली. खोली आईची, हयातीपर्यंत, स्मारक ओसरीवर. ते तार घेऊन आले, बराच वेळ फाटकात उभे राहिले. मला वाटलं आता माझ्यावर चिडतील, पत्रिका फुकट गेल्या म्हणून. त्यांनी आईची पेटी स्वतः उचलून आत नेली, इंजिनिअर माणसाने, कंबर धरून. मग दोरीचे खांब बाहेर काढले. टेबल वकिलांकडे परत गेलं. उद्घाटन ओसरीवर झालं, माणसं बरी आली. अजूनही रविवारी कोणी ना कोणी येतं, पुस्तकं बघतं, आणि मग आईशी बोलायला आत जातं. दामल्यांनी पाटीवर 'भेटीची वेळ' लिहिताना आईच्या झोपेची वेळ सोडून लिहिली आहे. एवढं त्या माणसाकडून मी अपेक्षिलं नव्हतं.

गेल्या सोमवारी तुझं पाकीट आलं. पोस्टमनने नेहमीसारखं माझ्यापुढे धरलं. वर आईचं नाव, कानडी अक्षरांत. आत पाहिलं नाही, शाळा बुडवून परत फिरले आणि आईच्या हातात दिलं.

तिने पाकीट उघडलं आणि मला वाटलं, आता म्हणेल, वाच. म्हणाली नाही. सगळं पत्र आपल्या मराठीत, पण कानडी अक्षरांत लिहिलेलं. तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागली. चाळीस वर्षांत तिने देवाच्या पोथीशिवाय काही वाचलेलं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, खोलीच्या दारात उजेडाला बसून ती एकेक अक्षर जुळवत होती. मी जाता-येता बघत होते. तिसऱ्या दिवशी ती जेवली नाही.

गुरुवारी मला हाक मारली, "विमला, बस." आणि तिने मला तुझं पत्र वाचून दाखवलं. मोठ्याने, अडखळत, पहिल्या इयत्तेतल्या मुलीसारखं. हालिनाला मुलगा झाला. दोन महिन्यांचा आहे. नाव जयतीर्थ ठेवलंत, तिथल्या लोकांना ते उच्चारता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिघं येणार. आईने हे वाचलं तेव्हा तिचा आवाज अगदी नेहमीचा होता.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती थांबली. बोट ओळीवर होतं. ते बोट तिने खाली सरकवलं, दोन ओळी ओलांडल्या, आणि पुढे वाचू लागली, "...थंडी फार आहे, तू लोकरीचं काही घालत जा." मी सोळा वर्षं मुलींना धडे वाचायला लावते आहे. कोणी ओळ गाळली की मला लगेच कळतं.

वाचून झाल्यावर तिने पत्राची घडी केली, चोळीत ठेवली आणि म्हणाली, "बाळाला झबली शिवायला हवीत. तुला कापड आणायला जमेल काय?" मी हो म्हटलं. मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि उठून चुलीकडे गेली.

तिला सगळं ठाऊक आहे. तिने मला विचारलं नाही, आणि मीही तिला त्या ओळी विचारणार नाही. पण त्या माझ्यासाठी होत्या, त्रिविक्रमा. आईने त्या गाळल्या ते मायेने. मी तुझी एकोणीस पत्रं गाळली ती कशाने, ते तुला आता माहीत आहे.

त्या दोन ओळी मला वेगळ्या लिहून पाठव. काय असेल ते असो, मी वाचीन.

विमला